डाव्या बाजूचा खडा

म्हाळगीनगरच्या चौकातून ऑटो हुडकेश्वरकडे वळला आणि सिमेंटचा रस्ता संपून जुना डांबरी जिथं सुरू होतो तिथल्या खाचेत त्याचं पुढचं चाक आदळलं. माझ्या मांडीवरचा नव्या चष्म्याचा डबा खाली पडला, दातांवर दात आपटले आणि खाली डावीकडे, अगदी मागं, जिभेला काहीतरी टोकदार लागलं. बर्डीच्या बाजारात चष्मा घेतल्यावर तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्श्यातले पोहे, खाल्ले होते. हरभऱ्याचं टरफल अडकलं असेल म्हणून जिभेनं ढकलून पाहिलं, तर हलेना. थुंकी गोळा करून बाहेर टाकायला वाकलो तेवढ्यात ऑटोवाला आरशातून म्हणाला, "काका, खर्रा थुकाचा असन तं गाडी थांबवतो, साइडनं गाड्या येऊन राहिल्या." खर्रा नाही रे बाबा, सुटून दीड वर्ष झालं, असं मी सांगणार होतो; पण ऑटोवाल्याला आपलं चारित्र्य कशाला समजावून सांगायचं. थुंकी गिळून टाकली. घरी आल्यावर न्हाणीघराची कडी लावली, नवा चष्मा चढवला, मोबाइलचा उजेड तोंडात पाडला आणि बोटानं गाल ओढून धरला. दिवाळीनंतर जिथली दाढ काढली होती तिथली हिरडी अजून मिटलेली नव्हती. त्या फटीत ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळट पांढरं काहीतरी दिसत होतं. नखानं टोकरून पाहिलं. ते स्वतः जराही दुखलं नाही, आजूबाजूचं सगळं मात्र ठणकलं. बाहेरून पुष्पलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा ठेवू का म्हणून विचारलं आणि मी ठेव म्हणालो.

चहाच्या पहिल्या घोटाला आठवला तो मार्तंड. कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही दोघं टर्बाइनच्या दुरुस्तीवर होतो, एकाच पाळीत, आणि एकाच पन्नीतला खर्रा खात होतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासघासून ओलसर केलेला चुरा. तो गालात धरला की माणूस काही वेळ तरी कुणाचं काही देणं लागत नाही. टर्बाइनच्या आवाजात तसंही बोलता येत नसे, त्यामुळे तोंड मोकळं ठेवण्यात कुणालाच अर्थ वाटत नव्हता. मार्तंडच्या गालात आधी पांढरा चट्टा आला, मग त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, आणि शेवटी डॉक्टरांनी त्याचा खालचा अर्धा जबडा काढला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको त्याला नळीनं ताक देत होती. मला पाहून तो हसला, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढ्यानं हसला. परत येताना मी ठेल्यावर थांबलो, खर्रा घोटून घेतला आणि खाल्ला. इतकं पाहूनही खाल्ला. लोक म्हणतात माणूस पाहून शिकतो. मी शिकलो नाही. आता चहाचा कप हातात धरून मी जिभेनं तो खडा चाचपत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की एक कॅन्सर अंगात असताना दुसरा तोंडात आला, आणि हा दुसरा मी स्वतः कमावलेला आहे.

पहिला माझा प्रोस्टेटचा. कळला तेव्हाच तो कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत पोचला होता. त्या दिवसांत मला चपलेत पाय घालायला वाकता येत नव्हतं, शिंक आली तर भिंत धरावी लागे. मग इंजेक्शनं सुरू झाली आणि दर महिन्याला एक सलाईन, हाडं बळकट करणारं. आमच्या घरात त्याचं नाव हाडांचं सलाईन. दोन-तीन महिन्यांत पाठीतली कळ ओसरली. मी भाजी आणायला पायी जाऊ लागलो, गॅसचं सिलिंडर तिरकं करून सरकवू लागलो, आणि पुष्पलता ओरडली की मला बरं वाटायचं, कारण आजारी माणसावर कुणी ओरडत नाही. बेअरिंगमध्ये बिघाड असेल तर आम्ही लोखंडी सळईचं एक टोक त्याला लावायचो आणि दुसरं कानाला, आत काय चाललंय ते ऐकू येई. तसा मी रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या पाठीकडे कान देऊन असे. आवाज येत नव्हता. त्या सलाईनवर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा आयुष्यात कुठल्या देवावरही नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही.

खरं तर त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या वेळी मोनाली नावाच्या सिस्टरनं खुर्चीजवळ उभं राहून सगळं सांगितलं: पाणी भरपूर प्या, कॅल्शियमची गोळी चुकवू नका, आज-उद्या ताप येईल, अंग दुखेल, घाबरायचं नाही. आणि मग म्हणाली, दातांची काळजी घ्या, दात काढायचा असेल तर आधी आम्हाला विचारा, जबडा दुखला तर सांगा. मी मान खाली घातली. माझे दात पाहूनच बोलतेय ती, असं मला वाटलं. तीस वर्षांच्या खर्र्यानं ते विटकरी झालेले. नागपुरात कुठलाही डॉक्टर पुरुषाच्या तोंडाबद्दल बोलू लागला की आपण समजून घेतो, विषय कुठला आहे ते. डोळ्याच्या डॉक्टरनंही एकदा मला तंबाखूवर सुनावलं होतं. पुष्पलतानंही तेच ऐकलं, कारण तिनं ऑटोत बसल्यावर नुसतं म्हटलं, ऐकलं न. मी हो म्हणालो, आणि आम्ही दोघांनी ती सूचना खर्र्याच्या खात्यात जमा करून टाकली. त्याच संध्याकाळी मला ताप भरला. असं अंग दुखलं की केससुद्धा दुखताहेत वाटलं, बरगड्या एकेक करून मोजता येतील इतक्या वेगवेगळ्या झाल्या. पुष्पलता म्हणत होती, ऊन लागलं. ती तळपायांना कांद्याचा रस चोळत होती आणि मी तिला सांगू शकत नव्हतो की हात लावू नकोस. दोन दिवसांनी सगळं पाऊस पडून गेल्यासारखं स्वच्छ झालं. पुढे कॅल्शियमच्या गोळीनं पोट जड व्हायचं म्हणून मी ती मधूनमधून टाळायचो, आणि एकदा ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. बारीक, चुन्यासारख्या चुणचुणत्या. अगदी खर्र्याचा पहिला झटका. मी बाल्कनीत उभा होतो, आणि इतक्या महिन्यांनी ते सुख फुकटात आल्यामुळे क्षणभर मला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. मग शरम वाटली, गोळी घेतली, मुंग्या गेल्या.

खर्रा मी सोडला तो कुणी सांगितलं म्हणून नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी पुष्पलता दवाखान्याच्या व्हरांड्यात माझी फाइल छातीशी धरून उभी होती आणि तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. एक तिची, एक माझी. ही बाई उमरेडच्या विणकरांच्या घरातली. तिच्या माहेरी तयार लुगडं उजेडात धरून त्यावरून बोट फिरवायचे, एक धागा कमी-जास्त असला तरी बोट थांबायचं. विणणाऱ्याला कुणी विचारत नसे, की बापा, कुठं चुकलास का. कापड पाहायचे आणि कळायचं. तीच सवय घेऊन ती माझ्या घरात आली. तीस वर्षांत तिनं मला खर्रा खाल्ला का म्हणून कधी विचारलं नाही. जवळून जाता जाता ती श्वास घ्यायची, तेवढं पुरत असे. तिच्या नाकातून सुटणं म्हणजे कोराडीच्या चिमणीला धूर लपवायला सांगण्यासारखं होतं. अशी ती बाई दोन पायांत दोन चपला घालून शहरभर फिरून आली आणि तिला कळलं नव्हतं. मी खिशातला पुडा तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, शपथ-बिपथ काही घेतली नाही. सुटला तो सुटलाच. तिला ते पटायला बरेच महिने गेले. आणि मग उन्हाळ्यात एक दिवस माझ्या ग्लासातलं उरलेलं पाणी ती सहज पिऊन गेली. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांनंतर तिनं माझं उष्टं पाणी कधी प्यायलं नव्हतं, वास येतो म्हणायची. ग्लास खाली ठेवून ती भांडी आवरायला लागली, तिला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. मला मात्र रडू यायचंच बाकी राहिलं. या आजारानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी तेवढं एकच सांगेन. आणि आता माझ्या जबड्यात एक खडा उगवला होता जो तिला ओरडून सांगणार होता, की हा माणूस लपून खात होता.

मरायची भीती नव्हती असं नाही. पण मरणाची बातमी मी एकदा ऐकून बसलो होतो, त्या भीतीशी माझी जुनी ओळख झाली होती. ही वेगळी होती. न केलेल्या गुन्ह्याचा मुद्देमाल स्वतःच्याच तोंडात घेऊन फिरायचं. सांगावं तर काय सांगावं? मी खर्रा खाल्लेला नाही, असं न विचारता म्हणालो तर तीच कबुली झाली. म्हणून मी गप्प राहिलो आणि लपवायला लागलो. डाव्या बाजूनं चावणं बंद केलं. भाकर वरणात भिजवून उजवीकडे फिरवायची, फुटाणे दाताखाली यायच्या आधी खिशात. हिरडीतून घाण वास येऊ लागला तेव्हा बडीशेप चघळायला लागलो. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या त्या मागच्या नळावर, ती देवळात गेली असताना. बोलताना तोंड वळवून बोलायचो. ठणका वाढला की लवंग दाबून धरायची आणि कुणी हाक मारली तर नुसतं हूं करायचं. आठ-दहा दिवस हे असं झाल्यावर एका दुपारी नळावर थुंकताना माझ्याच लक्षात आलं, की ही बडीशेप, हे तोंड वळवणं, हे मागच्या नळावरचं थुंकणं, हे हूं, सगळं मी पूर्वी केलेलं आहे. तीस वर्षं हेच करत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं न खाताच खवखवत होतं. मी मागं वळलो. पुष्पलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बादली उचलून ती आत गेली, आणि त्या संध्याकाळी ताटाशेजारी पाण्याचे पुन्हा दोन ग्लास होते, एक तिच्या बाजूला सरकवलेला.

त्या ग्लासाचा मला असा काही राग आला की दुसऱ्या दिवशी मी थेट माझ्या जुन्या पानवाल्याच्या, चंदनच्या ठेल्यावर जाऊन उभा राहिलो. बदनामी व्हायचीच आहे तर निदान चव तरी घ्यावी. जबडा जायचाच असेल तर एका खर्र्यानं काय वाकडं होणार आहे? चंदननं मला इतक्या महिन्यांनी पाहिलं आणि जणू काल संध्याकाळीच येऊन गेलो असं समजून हात चालवायला लागला. सुपारीचा कीस पन्नीत, त्यावर तंबाखू, बोटभर चुना, आणि मग ते घासणं. त्या आवाजानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दुखऱ्या बाजूला सुद्धा सुटलं, याचं मला नवल वाटलं. शरीराला काही लाज नसते. पन्नी गरम होत होती, वास येत होता, शेजारी दोन पोरं मोबाइलवर क्रिकेट पाहत उभी होती. हे मी सोडलेलं आहे, आणि कुणी विश्वास ठेवो न ठेवो, सोडलेलं आहे हे मला माहीत आहे. तेवढी एकच वस्तू आता माझ्याजवळ होती जी कुणाला दाखवता येत नव्हती. ती दाखवता येत नाही म्हणून मी फेकून द्यायला निघालो होतो. मी चंदनला म्हणालो, राहू दे गा, बडीशेपची पुडी दे. घोटलेला खर्रा त्यानं बाजूला ठेवला, दुसरं गिऱ्हाईक येईलच. पुडी खिशात घालून मी वळलो, तर रस्त्याच्या पलीकडे भाजीच्या गाड्याशी पुष्पलता उभी होती. हातात मेथीची जुडी होती आणि ती जुडीकडे पाहत नव्हती. मी हात वर केला. तिनं जुडी पिशवीत टाकली, पैसे दिले आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या मागून गेलो, आणि आमच्यात एवढं अंतर राहिलं की बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागलं असतं.

घरी तिनं मेथी निवडली. मी समोर बसून राहिलो, एकदा सांगतो म्हणून तोंडही उघडलं, तर आतून वास आला तो मलाच जाणवला आणि मी तोंड मिटलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पुण्याहून मुलाचा, स्वानंदचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं की बाबा ठीक आहेत, जेवून राहिले, फिरून राहिले. माझ्याकडे न पाहता सांगितलं. मग तिनं फोन माझ्याकडे दिला आणि मी उजव्या बाजूनं त्याच्याशी बोललो. रात्री आम्ही दोन बाजूंना तोंड करून झोपलो. ती बरीच वर्षं तशीच झोपते, त्यात नवीन काही नव्हतं.

सलाईनच्या दिवशी दवाखान्यात नेहमीची खुर्ची मिळाली, खिडकीजवळची. मी ठरवून गेलो होतो की बोलायचं नाही. पाठीला सलाईन मिळू दे, तोंडाचं तोंडाशी. डॉक्टरांना कळलं की तोंडात दुसरा कॅन्सर आहे, तर ते म्हणतील याच्या हाडांवर कशाला औषध वाया घालवायचं, आणि पुन्हा त्या भिंत धरून शिंकायच्या दिवसांत जावं लागेल. मोनालीनं शीर शोधली, पट्टी लावली आणि दरवेळचे प्रश्न विचारायला लागली. ताप आला का, मुंग्या येतात का, लघवी नीट होते का. मी मान हलवत गेलो. जबडा दुखतो का, दात हलतो का, असं ती म्हणाली. मी म्हणालो, नाही.

"दुखते त्यांचा," पुष्पलता म्हणाली.

ती माझ्या पायाशी स्टुलावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मोनालीनं तिच्याकडे पाहिलं. पुष्पलतानं मग सगळं सांगितलं, अगदी कापड उलगडावं तसं: एकाच बाजूनं जेवून राहिले, झोपेत हात गालावर असते, उशीला डाग पडते, वास येते. मागच्या नळावरच्या गुळण्या तिला माहीत होत्या. फुटाणे तिनं धुवायच्या पँटच्या खिशातून काढले होते. मोनालीनं हातातली नळी पुन्हा स्टँडला अडकवली आणि डॉक्टरांना बोलावायला गेली. मी पुष्पलताकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, आता हिनं मला पोलिसात दिलं.

डॉक्टर नंदिनी वयानं माझ्या मुलाएवढ्या. त्यांनी हातमोजे घातले, बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन बराच वेळ पाहिलं, खड्यावर काहीतरी टोचून दुखतं का विचारलं. मग आरसा बाहेर काढून त्यांनी विचारलं, "तंबाखू, खर्रा? अजून सुरू आहे?"

मी उत्तर जुळवत होतो. कसंही म्हटलं तरी ते खोटंच वाटणार होतं.

"नाही," पुष्पलता म्हणाली. "दीड वर्ष झालं. हात नाही लावला त्यांनी."

तिनं ते असं म्हटलं की डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं दाढ कुठं काढली. मी सांगितलं, दिवाळीनंतर आमच्या वस्तीत दातांचं शिबिर होतं, दाढ हलत होती, काढून टाकली. सलाईनचं तिथं सांगितलं होतं का? नाही, म्हटलं, ते हाडांचं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो. त्यांनी सांगितलं की दात ज्यात रुतलेला असतो तेही हाडच, आणि हे औषध हाडाला घट्ट करतं तसं कधीकधी, थोड्या लोकांमध्ये, जबड्याचं हाड भरून येणंही थांबवतं. दात काढल्यावर तर जास्तच. वरची हिरडी मिटत नाही आणि आतलं हाड उघडं राहतं. मला दिसला तो खडा म्हणजे ते हाड. तोंडाचा कॅन्सर त्यांना वाटत नव्हता, तरी एक्स-रे फोटो काढून जबड्याच्या सर्जनला दाखवायचं होतं. आजचं सलाईन द्यायचं नाही, पुढचे काही महिनेही नाही. दिलेलं औषध हाडात मुरलेलं असतं, पाठ लगेच बोलायला लागणार नाही. गुळण्यांचं औषध, गोळ्या, आणि पुन्हा कुणी दाताला हात लावायच्या आधी इथं फोन करायचा. "हे आधी सांगायला पाहिजे होतं काका," त्या म्हणाल्या, "आम्ही दरवेळी विचारतो ते उगाच विचारत नाही." मोनालीनं शिरेतली सुई काढली आणि कापूस दाबून धरायला सांगितलं.

फोटोसाठी व्हरांड्यात बाकावर थांबायला सांगितलं. मला हलकं वाटत होतं, इतकं की तोंडात हाड उघडं पडल्याची बातमी आपण लॉटरी लागल्यासारखी घेऊन बसलोय याचं हसू आलं. मार्तंडचं तोंड डोळ्यांसमोरून हटलं होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे पुष्पलता. तिचं ते नाही मी पुन्हा पुन्हा ऐकत होतो. मी किती मूर्ख, तिच्यावर संशय घेत राहिलो. तिला माहीत होतं, तिच्या बोटाला माहीत होतं. मी तिला काहीतरी म्हणणार होतो, आभार नव्हे, आमच्यात आभार मानत नाहीत, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"एक विचारू का जी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, विचार.

"खाल्ला होता का तुमी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ज्या हलकेपणानं मी बसलो होतो तो सगळा बाकाखाली गेला. तिला खात्री नव्हती. आत डॉक्टरांसमोर ती ठाम आवाजात जे बोलली होती, ते तिच्या हिशेबानं खोटं होतं.

"मंग तिथं नाही काहून म्हणलं वं?"

"तिथं हो म्हणलं असतं तं?" ती म्हणाली. "त्या म्हणल्या असत्या, हा माणूस ऐकत नाही, याचा इलाज कायले करा. मले भेव वाटलं." मग म्हणाली, "ठेल्यावर पाह्यलं होतं मी तुमाले."

माझ्यावर विश्वास ठेवून ती माझ्या बाजूनं उभी राहिली असं मला वाटलं होतं. विश्वास नसताना ती उभी राहिली होती. मी खाल्ला आहे असं धरून, माझ्यावर चिडलेली असताना, देवाधर्माची बाई, माझ्यासाठी डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलली होती. यातलं मोठं काय ते मला ठरवता येईना. आणि तीस-पस्तीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. वास न घेता, उजेडात न धरता, नुसतं विचारलं होतं, म्हणजे मी जे म्हणेन ते तिला घ्यावं लागणार होतं.

"नाही खाल्ला," मी म्हणालो. "त्यानं घोटला होता. मी घेतला नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. व्हरांड्यातून एक स्ट्रेचर गेलं, आम्ही पाय आत घेतले. मग ती माझ्याकडे सरकली आणि म्हणाली, आ करा. मला वाईट वाटलं. विचारून झालं आणि आता पुन्हा तपासणी. पण मी चष्मा काढला, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं. तिनं मोबाइलचा दिवा लावला, एका हातानं माझी हनुवटी धरली आणि बोटानं गाल हळूच बाजूला केला. त्या वासात ती वाकून पाहत राहिली, डॉक्टरांपेक्षाही जास्त वेळ. तिचा श्वास थांबल्यासारखा झाला होता. आमच्यासमोरच्या बाकावरची माणसं पाहत होती, तिला त्याचं काही नव्हतं.

"हे हाड आहे तुमचं?" ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "लय दुखत असन न."

तोंड उघडं होतं, मला बोलता आलं नाही. मी मान हलवली, हो म्हणून.